माहेरचं उत्तर

दगडाबाई काकीनं तिला बघितलं आणि पदर पुढं ओढून तोंड भिंतीकडं फिरवलं. झालं ते एवढंच. त्यात काय मोठंसं? मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत रोज कितीतरी बायका बाकड्यांवर बसलेल्या असतात, मांडीवर एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या घेऊन, नाव पुकारायची वाट बघत. त्यातली एक भिंतीकडं तोंड करून बसली तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण ही बाई अंजनाच्या माहेरची होती, माण तालुक्यातल्या शेंडगेवस्तीवरची, चुलत चुलती, लहानपणी तिच्या डोक्यातल्या उवा काढणारी. अशी माणसं मिरजेत भेटली की अंगावर धावून येतात, चार माणसांत गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडतात. ही मात्र लपली. शिकवते त्या कॉलेजातून चहाला म्हणून बाहेर पडलेली अंजना थबकली ती त्या लपण्यानं. ती जवळ जाऊन "काकी?" म्हणाली, तेव्हा दगडाबाई आत्ताच दिसल्यासारखी दचकली.

"आगं, तू व्हय! काय न्हाई, ह्या प्रांजलला दाखवाया आले. कंबर धरलीया तिची."

शेजारी तिची सून प्रांजल खांबासारखी ताठ उभी होती. कंबर धरलेली बाई अशी उभी राहत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आणि अंजना तर जन्मभर बायकांची हाडं आणि सांधेच बघत आलेली.

"आत्याबाई, खोटं कशाला बोलताय?" प्रांजल म्हणाली. "वन्सं, गुडघं हायत ह्यांचं. मांडी घालता येईना, उठता येईना. आत काय ऱ्हायलंच न्हाई म्हणतोय डाक्टर. वरीस झालं, कण्हत्यात नुसत्या."

"गप बस की गं!" दगडाबाई सुनेवर वसकली. मग अंजनाचा हात धरून अगदी अजिजीनं म्हणाली, "तुझ्या कवायतीचं काय न्हाई हां बाय त्यात. तुझी कवायत लय चांगली हाय. माजंच हाड वंगाळ."

आत नाव पुकारलं. सुनेच्या खांद्यावर एक हात, भिंतीवर एक हात, अशी दगडाबाई उठली आणि आत गेली. अंजना चहा न पिताच परत फिरली. जिन्याच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. वरीस झालं. म्हणजे दुखणं किती राहिलं, असं अंजनानं शेवटचं विचारलं होतं तेव्हाही.

कवायत हा शब्द बायकांचा. घरोघरचं कुणी ना कुणी पलटणीत, त्यामुळं व्यायाम म्हटलं की त्यांना कवायतच आठवते. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. कोरडवाहू भागातल्या बायकांच्या गुडघेदुखीवर ओट्यावर बसल्या बसल्या करायचे काही साधे व्यायाम, आणि त्या व्यायामांनी दुखणं किती कमी होतं याचा अभ्यास. उमेदीची सगळी वर्षं अंजनानं त्यात घातली होती. आणि निकाल असा आला होता की बघणारा थक्क व्हावा. जवळजवळ सगळ्याजणी म्हणत होत्या, निम्म्यानं दुखणं गेलं. दगडाबाई त्यातली पहिल्या नंबरची. तिचा एक छोटा व्हिडिओसुद्धा होता: जमिनीवरून कशाचाही आधार न घेता ती उठते आणि कॅमेऱ्याकडं बघून दात दाखवते. उद्या साताऱ्याच्या बैठकीत तो दाखवायचा होता. तिथल्या आरोग्य खात्याच्या साहेबांपुढं प्रश्न साधा होता. वस्त्यावस्त्यांवर महिन्यातनं एकदा हाडांच्या डॉक्टरची गाडी जाते, ती चालू ठेवायची, की आशाताईंकडून कवायत शिकवून घ्यायची? गाडीला डॉक्टर लागतो, ड्रायव्हर लागतो, डिझेल लागतं. कवायतीला काहीच लागत नाही. अंजनाचे आकडे मान्य झाले की गाडी बंद. असं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. आणि इतके दिवस तिला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं, कारण दुखणं गेलेल्या बायकांना गाडी कशाला पाहिजे?

तिनं खोलीचं दार लावून तो व्हिडिओ पुन्हा लावला. दगडाबाई उठते. अंजनानं तो थांबवला, मागं घेतला, पुन्हा लावला. वरचे दात खालच्या दातांवर घट्ट दाबलेले होते. गळ्याची शीर ताठ झाली होती. हे हसू? हे हसू म्हणून तिनं किती जणांना दाखवलं! बाळंतपणात बायका तोंड असं करतात. आपण स्वतःला सांध्यांच्या तज्ज्ञ म्हणवतो आणि आपल्या चुलतीच्या तोंडावरची कळ आपल्याला हसू दिसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं फोन टेबलावर उपडाच ठेवला.

विभागप्रमुख ऋषिराज मोहिते वयानं तिच्याहून लहान, पण माणूस व्यवहारी. तिनं त्याला गाठून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, एक बाई दिसली म्हणून अख्खा अभ्यास मोडीत काढता का? तुम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं, तुम्ही लिहिलं. यात तुमचं चुकलं काय?"

"तेच कळेना झालंय."

"दमलाय तुम्ही. घरी जा, झोपा. उद्या साताऱ्यात फक्त वाचून दाखवायचंय."

दमलाय हे मात्र त्यानं खरं ओळखलं होतं. कसला शीण होता तो कुणास ठाऊक, झोपेनं न जाणारा. ती घरी गेली नाही. घरी तरी कोण होतं? सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये फक्त फ्रिजचा आवाज होता. नवरा, रविराज, नोकरीच्या निमित्तानं पुण्यात राहायला गेला, आधी शनिवारी-रविवारी यायचा, मग सणावारी, आणि आता फोनसुद्धा विजेच्या बिलापुरता. कुणी कुणाशी भांडलं नाही, नुसतं विरत गेलं. तिनं खोलीतनं उद्याचे कागद पिशवीत भरले आणि दहिवडीकडं जाणारी एसटी धरली. उद्याचा सातारा त्याच वाटेनं पुढं होता. वाटेत माहेरी उतरायचं. उतरून काय करायचं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

विट्यापर्यंत ऊस आणि द्राक्षं दिसत राहिली, आणि मायणी मागं पडल्यावर जमिनीनं रंग टाकला. बाभळी, माळ, लांबवर मेंढरांचा एखादा ढीग. खिडकीची काच खडखडत होती आणि अंजनाच्या डोक्यात देसाई सरांचा आवाज. तिचे गाईड, आता निवृत्त होऊन पाचगणीला जाऊन राहिलेले. सुरुवातीलाच ते म्हणाले होते, "अंजना, शिकवणारी तू आणि विचारणारीही तूच, असं करू नकोस. विचारायला तिसरं कुणीतरी पाठव. ज्याला निकालाचं सोयरसुतक नाही असं." तेव्हा ती केवढी उसळली होती! सर पेठेतले, त्यांना वस्ती काय कळणार? आमच्या बायका परक्याशी तोंड उघडत नाहीत, सर. मी त्यांची लेक आहे. माझ्याशी त्या खरं बोलतील. आणि अर्जात तिनं ते वाक्य ठसक्यात लिहिलं होतं: संशोधक स्वतः त्याच समाजातील असल्यानं उत्तरं अधिक विश्वासार्ह असतील. ते वाचून परीक्षकांनीही मान डोलावली होती. दर वर्षी पोरांना संशोधनातले पूर्वग्रह शिकवते ती. फळ्यावर एकेक प्रकार लिहिते, उदाहरणं देते, पोरं उतरवून घेतात. ती उदाहरणं कायम दुसऱ्या कुणाची तरी असतात. चुकणारा माणूस नेहमी लांब कुठंतरी राहणारा.

आणि ती वस्तीवर गेली होती कशी? तर माहेरवाशीण जाते तशी. गळ्यात पिशवी, पिशवीत चेहऱ्यांची पट्टी. ज्यांना आकड्यांत दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी ती असते: एका टोकाला रडणारा चेहरा, मग कमी कमी रडका, आणि दुसऱ्या टोकाला हसरा. बाईनं फक्त बोट ठेवायचं. दारात गेली की आधी पायावर पाणी, मग चहा, मग "बस गं बाय, वाळलीस किती," आणि मग पट्टी. बायका पट्टीकडं कमी बघायच्या, तिच्या तोंडाकडं जास्त. बोट फिरत फिरत हसऱ्यावर जायचं. ती लिहून घ्यायची आणि उठायची, तेव्हा कुंकू लागायचं आणि ओटीत काहीतरी पडायचंच. ओंजळभर बाजरी, शेंगा, मटकी, नारळ नसला तर सुपारी. रित्या ओटीनं लेक उंबरा ओलांडत नाही. संध्याकाळी फाट्यावर उभी राहायची तेव्हा पिशवीचं ओझं इतकं की खांदा निघून यायचा. त्या ओझ्यात मटकी कुठली आणि उत्तरं कुठली? बाई गं. सगळं एकाच हातानं, एकाच मनानं दिलेलं. लेक एवढ्या लांबनं काहीतरी मागायला आली, तिला नाही कसं म्हणायचं? त्यांनी तिला फसवलं नव्हतं. त्यांनी तिची ओटी भरली होती.

नुसतं तेवढंच असतं तर तिनं एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. पण बस घाटात वळली तशी तिला स्वतःचा हातही दिसायला लागला. कुणाचं बोट हसऱ्यावर गेलं की ती पटकन लिहायची. रडक्यावर गेलं की मात्र थांबायची, पुढं वाकायची. "नीट बघ वहिनी. आधीपेक्षा कसं हाय? कवायत रोज केली न्हवं?" आणि ते बोट ओशाळून एक घर पुढं सरकायचं. हसऱ्यावर बोट ठेवणारीला तिनं एकदाही "नीट बघ" म्हटलं नव्हतं. शिवाय काहीजणींनी कवायत मधेच सोडली होती, त्यांना तिनं हिशोबातनंच वगळलं. अर्धवट सोडलेल्यांचं काय मोजायचं? तेव्हा ते किती रास्त वाटलं होतं. का सोडली, हे विचारायला ती त्यांच्या दारात गेली नाही. गुडघा सुजला म्हणून सोडली असेल तर? हे ऐकायला लागू नये म्हणून तर आपण गेलो नाही ना? शेजारच्या सीटवरची म्हातारी बसल्या बसल्या पेंगत होती आणि अंजनाला त्या झोपेचा हेवा वाटला.

खरं म्हणजे माहेरचं उत्तर कसं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सांगलीत महापुराचं पाणी बिल्डिंगच्या जिन्यात शिरलं होतं, खालच्या मजल्यावरची माणसं हिच्या स्वयंपाकघरात झोपली होती, प्यायचं पाणी संपत आलं होतं, तेव्हा आईचा फोन आला. "टीवीत लय पाणी दावत्यात गं. तुमच्याकडं काय?" आणि ही खिडकीतनं बोटी बघत म्हणाली होती, "आमच्याकडं काय न्हाई आई. पाणी लांब हाय." मग हिनं विचारलं, "तुमच्याकडं पाऊस?" "हाय की," आई म्हणाली होती. नंतर कळलं, त्या आठवड्यात वस्तीवर टँकरसुद्धा आला नव्हता. एकीकडं पाणी मावत नव्हतं, एकीकडं थेंब नव्हता, आणि दोघी मायलेकी एकमेकींना बरं हाय, बरं हाय सांगत बसल्या होत्या. रविराजचं विचारलं की कामात असत्यात, म्हणायचं. लेकीनं माहेरी रडगाणं नेऊ नये आणि माहेरानं लेकीला घोर लावू नये, इतकं साधं. हे दूध पितानाच अंगात गेलेलं. आणि तरी पट्टी हातात घेतल्यावर तिला वाटलं होतं की आता मात्र सगळ्या खरं बोलतील!

फाट्यावर उतरून ती वस्तीपर्यंत चालत गेली. ऊन कलतं होतं. आई, शालूबाई, ओट्यावर बसून सुपात मटकी निवडत होती, एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला. लेकीला बघून तिनं तो लांब पाय आधी आत ओढून घेतला, आणि मग हसली. आजवर अंजना फक्त ते हसू बघत आली होती. आज तिनं तो पाय बघितला.

"आवचित गं? सांगायचं न्हाई का? थांब, पाणी आणते."

"उठू नको आई. बस."

"आगं, पायावर पाणी..."

"बस म्हणते न्हवं!"

तिचा आवाज चढला तशी आईनं सूप परत पुढं ओढलं. अंजना तिच्याजवळ ओट्यावर टेकली. थोडा वेळ दोघी मटकी निवडत राहिल्या. ह्या बाईनं अर्धा जन्म चालण्यात घालवला होता. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत, घोड्यावर बिऱ्हाड आणि कडेवर अंजना, रानारानांत मेंढरं बसवत. अंजना शिकावी म्हणून तिला मावशीकडं ठेवलं तेव्हा कडेवर कोकरू आलं, चालणं तेच राहिलं. त्या गुडघ्यांवर आपण काय औषध शोधलं, तर ओट्यावर बसून पाय हलवायचा. अंजनानं पिशवीतनं पट्टी काढली आणि सुपावर ठेवली.

"परत?" आई म्हणाली. "मागं सांगितलं न्हवं?"

"आता खरं सांग."

शालूबाईनं पट्टीकडं बघितलं, मग लेकीच्या तोंडाकडं, मग पुन्हा पट्टीकडं. बोट पुढं केलं आणि हवेतच धरलं.

"तुला कंचा पायजे?"

त्यात टोमणा नव्हता. चहात साखर किती विचारावी तसं तिनं विचारलं होतं. अंजनानं झटकन मान वर केली.

"तसं न्हवं गं," आई म्हणाली. "ज्यानं तुझं काम हुतंय त्यो सांग. समद्याजणी तसंच म्हणल्या. दगडा म्हणाली, आपली पोर डाक्टरांच्यात एकटी हाय, तिची मान खाली जाया नगं."

"मला तुझा पायजे आई. तुझा जो असंल त्यो."

"माजा काय, म्हाताऱ्या माणसाचा." शालूबाईनं पट्टी उचलली, उलटीसुलटी केली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. "तुझा कंचा? तू सांग आदी. एवढ्या वर्सांत तुला कुणी इचारलं का न्हाई?"

काय वेडेपणा, असं म्हणायला अंजनानं तोंड उघडलं, आणि खाली बघते तर तिचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर होतं. कधी गेलं, कसं गेलं, तिनं नेलं नव्हतं. आई त्या बोटाकडं बघत होती, आणि आईच्या चेहऱ्यावर तेच होतं जे इतकी वर्षं फोनवर ऐकू यायचं: कळलंय सगळं, पण तू म्हणतीस तर बरं.

अंजनानं बोट उचललं. ते उचलायला तिला फार जोर लागला. मग तिनं ते पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, रडक्या चेहऱ्यावर, आणि तिथंच ठेवलं. "रविराज येत न्हाईत आई," ती म्हणाली. "लय दिवस झालं. घरात मी एकटीच असते."

शालूबाईनं सूप बाजूला सारलं. आत ओढलेला पाय दोन्ही हातांनी धरून हळूहळू लांब केला, आणि लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं.

"हे बघ मग," ती म्हणाली.

गुडघा नारळाएवढा झाला होता, एका अंगाला झुकलेला, कातडी ताणून चकाकत होती. अंजनानं त्यावर तळवा ठेवला. आत चुलीजवळच्या दगडासारखी ऊब होती. इतक्या वर्षांत तिनं ह्या वस्तीवर घरोघर पट्टी फिरवली होती, आणि एकाही गुडघ्याला हात लावला नव्हता. अभ्यास विचारण्याचा होता. विचारलं की झालं. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं आवरलं नाही.

"कवायत केली की लयच ठणकायचा," आई म्हणाली. "पर तू फोनवर इचारायचीस, मग करायचे."

"म्हैन्याला गाडी येती तिच्याकडं गेलीस का कधी?"

"व्हय की. त्यो डाक्टर सुई मारतोय, मग आठ-पंधरा दिस बरं वाटतं. त्याला मी दुखतंय म्हणून सांगती. त्यो काय आपला कोण न्हवं."

तिन्हीसांजा झाल्या. कुठूनतरी मेंढरं वाड्यात शिरल्याचा गलका आला. शालूबाईनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं रगडून.

"उद्या साताऱ्यात काय सांगशील?"

"सांगीन, माझं मोजणं चुकलं. दुसऱ्या कुणाला तरी इचाराया धाडा, जे आमचं कुणी न्हाई. आणि तवर गाडी बंद करू नगा."

"नाचक्की हुईल गं तुझी."

"हुईल."

"मग? एवढ्या वर्सांचं काम?"

अंजना आईच्या पायाशी सरकली. ती फार दमली होती, आणि आईचा गुडघा हाताखाली अजून गरम होता.

"पाय सरळ ठेव," ती म्हणाली. "आणि दुखलं की सांग."

तिनं दोन्ही अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली टेकवले आणि अगदी हलके दाबले.

"आई गं!" शालूबाई ओरडली.